भेट कोणाची, हे बाईंना कळू नये

मार्च संपत आला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक यादी फिरू लागते. सगळ्यात वर ‘टीचरसाठी वर्षअखेरचे गिफ्ट, प्रत्येकी ५०० रुपये, शुक्रवारपर्यंत’ अशी ओळ असते, खाली एकपासून बत्तीसपर्यंत आकडे असतात, आणि ज्याने पैसे पाठवले त्याने एका आकड्यापुढे आपल्या मुलाचे नाव लिहून, हिरवी खूण करून, ती यादी पुन्हा गटावर टाकायची असते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या वर्गाची अशी यादी चार दिवस वाढत जाताना मी पाहिली. गुरुवारी रात्री सत्तावीस नावे झाली होती आणि पाच आकडे मोकळे होते. त्यांच्यापुढे काही लिहिलेले नसले तरी ते कोणाचे हे वेगळे सांगावे लागत नव्हते, कारण वर्गात मुलेच बत्तीस. त्यांतल्या एकाच्या वडिलांचा ट्रक गोव्यातल्या खाणी बंद पडल्यापासून दारात उभा होता, आणि एकीची आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जात होती. शुक्रवार उजाडेपर्यंत आणखी दोघांनी पैसे भरले. शनिवारी टीचरना साडी आणि चांदीची समई देण्यात आली. सोबत एक मोठे कार्ड होते आणि कार्डावर एकोणतीस मुलांची नावे होती. माझ्या मुलीचे नाव नववे होते. तीन नावे नाहीत हे मला दिसले होते. मी काही बोलले नाही.

शिक्षकांना वर्षाच्या शेवटी काय द्यावे, हा प्रश्न निघाला की बोलणे दोनच अंगांनी जाते. एक, मुळात द्यावे की देऊ नये. आणि दुसरे, साडी द्यावी की घड्याळ. माझ्या मते खरा प्रश्न तिसराच आहे आणि तो कोणी विचारत नाही: ही भेट कोणाकडून आली, कोणी किती घातले आणि कोणी घातले नाही, हे शिक्षकाला कळावे का? कळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भेट द्यावी, ती मूल त्या शिक्षकाच्या हातून सुटल्यावर द्यावी, आणि ती अख्ख्या वर्गाची असावी. एवढे पाळले तर काय द्यावे हा प्रश्न पुष्कळसा सोपा होतो. आणि एवढे पाळले नाही तर साधे पेनसुद्धा जड होते.

‘मास्तरांना द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे’ असे या संदर्भात हटकून सांगितले जाते. रीत जुनी आहे, यात शंका नाही. पण ती काय होती हे नीट पाहायला हवे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या खेड्यापाड्यांत मराठी शिकवण्याची सोय सरकारने फारशी केलेली नव्हती. शाळा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तांच्या उतरायच्या जागेत, किंवा कोणाच्या तरी ओसरीवर भरायची, मास्तर पुष्कळदा घाटावरून किंवा सावंतवाडीच्या बाजूने आलेला असायचा, आणि त्याचे जेवण वारावर, म्हणजे आज या घरी, उद्या त्या घरी असायचे. तांदूळ, नारळ, चार रुपये, दिवाळीला धोतरजोडी, हे सगळे त्याला मिळायचे. पण ती भेट नव्हती, तो त्याचा पगार होता. पणजीच्या मुष्टिफंड या संस्थेच्या नावात त्या काळाची आठवण अजून राहिली आहे: मूठ-मूठ गोळा करून शाळा चालवायची. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले, गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या आणि मास्तरांचा पगार तिजोरीतून होऊ लागला. त्या दिवसापासून वारावरच्या जेवणाचे कारण संपले. आज आपण जे देतो त्याला त्या जुन्या रीतीचा आधार घेता येत नाही, कारण ते देणे पोट भरण्यासाठी होते आणि हे देणे लक्षात राहण्यासाठी आहे. त्या रीतीतून काही घ्यायचेच असेल तर मुठीचा गुण घ्यावा. मूठ डब्यात रिकामी झाल्यावर कोणाचे दाणे कोणते, हे ओळखता येत नाही.

दुसरा आधार गुरुदक्षिणेचा दिला जातो. त्याबाबत दसऱ्याला आपणच मुलांना सांगतो ती कौत्साची गोष्ट एकदा सावकाश आठवून पाहावी. शिक्षण संपल्यावर कौत्साने वरतंतू ऋषींना काय दक्षिणा देऊ असे विचारले, तेव्हा गुरूंचे पहिले उत्तर ‘तुझी सेवा पोचली, आणखी काही नको’ असेच होते. कौत्साने हट्ट धरला. पुन्हा पुन्हा विचारून त्याने गुरूंना इतके चिडवले की चौदा विद्यांच्या चौदा कोटी मोहरा आण, असे त्यांनी रागाने सांगितले. आणि मग रघुराजा, कुबेर, सोन्याचा पाऊस हे सगळे रामायण घडले. आपण सोने लुटायचे तेवढे लक्षात ठेवले आणि हट्ट शिष्याचा होता हे विसरलो. गोष्टीतली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे: कौत्स तेव्हा आश्रम सोडून निघाला होता. शिक्षण चालू असताना गुरूला काही देऊ नये, ते पुरे झाल्यावर ऐपतीप्रमाणे द्यावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही सांगितले आहे. बाकीच्या कितीतरी बाबतींत तो ग्रंथ मिटूनच ठेवलेला बरा, पण ज्याच्या हाती आपल्या विद्येचे माप आहे त्याला माप घेऊन होईपर्यंत काही देऊ नये, हे व्यवहाराचे भान त्या लोकांना होते.

आता शिक्षकाच्या बाजूने. माझी आत्या सत्तरी तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांतून तीस वर्षांहून अधिक काळ शिकवून निवृत्त झाली. तिच्या लोखंडी कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा हे या विषयावरचे माझे मुख्य वाचन आहे. त्यात भिंतीवरची सहा घड्याळे आहेत, सहाही खोक्यात. प्लास्टिकच्या डबीत बसवलेले गणपती आहेत. ‘बेस्ट टीचर’ असे इंग्रजीत लिहिलेले चार मग आहेत, आणि तिला दुधाचा चहा पेल्यातून लागतो. लग्नाकार्याचे आमंत्रण आले की ती त्या कप्प्यात हात घालते आणि चिठ्ठी काढलेली आहे ना, हे दोनदा बघून घेते. एवढी वेळ पाहून आता मला कुठे जायचे आहे, असे ती घड्याळांविषयी म्हणते.

तिला मिळालेली सर्वांत चांगली भेट कोणती, असे मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, पाडेल्याने, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याने, पाडलेले नारळ. तिच्या घरामागे अकरा माड आहेत, आणि माडावर चढायला माणूस मिळणे ही गोव्यात आज केवढी अडचण आहे हे ज्याच्या कुळागरात माड आहेत त्याला सांगायला नको. गावातल्या पाडेल्याचा मोठा मुलगा चौथी होऊन हायस्कूलला जायला निघाला, त्या एप्रिलमध्ये तो सकाळीच कोयता घेऊन आला, अकराही माड उतरवले, झावळ्या साफ केल्या, नारळ ओसरीवर रचून ठेवले आणि पैसे घेतले नाहीत. ‘बाये, ह्या फावटी न्हय,’ म्हणजे या खेपेला नको, एवढेच म्हणाला. ही गोष्ट इथेच थांबवली असती तर ती फार गोड झाली असती. पण आत्या शिक्षिका आहे. तिने पुढचेही सांगितले. त्या पाडेल्याचा धाकटा मुलगा तेव्हा तिच्याच शाळेत दुसरीत होता. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो दोनदा गृहपाठ न करता आला आणि दोन्ही वेळा तिने त्याला काही विचारले नाही. तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका मुलाला त्याच कारणासाठी उभे केल्यावर ते तिच्या ध्यानात आले. पुढच्या पाडपाला, म्हणजे नारळ उतरवायच्या वेळी, तिने त्या माणसाला दोन्ही खेपांचे पैसे घ्यायला लावले.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे, कारण भेटवस्तूंच्या बाबतीत आपली कल्पना अशी असते की वाईट भेट महाग असते आणि चांगली भेट मनापासूनची. पाडेल्याची भेट मनापासूनची होती, त्याच्या घामाची होती, तिच्यामागे काडीचा हेतू नव्हता. आणि घेणारी बाई सचोटीची होती. तरीही ती भेट दोन महिने त्या वर्गात येऊन बसली. मग साडेचौदा हजारांची साडी आणि समई, तीही नावांच्या यादीसकट, किती दिवस बसत असेल? शिक्षक पक्षपात करतात असा माझा आरोप नाही. उलट, जो शिक्षक पक्षपात करू इच्छित नाही त्याच्यावर आपण हे ओझे का टाकतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

कायद्याला ही गोष्ट कळलेली आहे. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू होतात आणि सरकारी शाळेतला शिक्षक हा सरकारी कर्मचारीच असतो. त्यातला तेरावा नियम भेटींविषयी आहे. लग्नकार्यासारख्या प्रसंगी नातलगांनी आणि ज्यांचे कार्यालयात काम पडत नाही अशा मित्रांनी दिलेल्या भेटी त्याने वेगळ्या धरल्या आहेत. इतरांकडून, २०१९ मधल्या दुरुस्तीनंतर, गट अ आणि ब मधल्या कर्मचाऱ्याला ५,००० रुपयांवरची आणि गट क मधल्याला २,००० रुपयांवरची भेट शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. सहज दिलेले जेवण, गाडीतून दिलेली सोबत, असा साधा पाहुणचार भेट समजू नये, हेही तोच नियम सांगतो, आणि हा शहाणपणा मला आवडतो. ज्या वर्गाची गोष्ट मी वर सांगितली तो अनुदानित शाळेतला होता. पण एकोणतीस पालकांचे प्रत्येकी पाचशे म्हणजे १४,५०० रुपये होतात, आणि सरकारी शाळेतल्या शिक्षिकेला ही भेट मंजुरीवाचून घेताच आली नसती. पालकांना वाटते आपण फक्त पाचशे दिले. घेणाऱ्याच्या हातात मात्र बेरीज पडते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई केली आहे, तीही याच जाणिवेने: वर्गातल्या काही मुलांच्या घरून शिक्षकाकडे वेगळा पैसा जाऊ लागला की वर्ग एक राहत नाही.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. ‘आम्ही आनंदाने देतो, तुम्हाला काय त्रास?’ हा पहिला. आनंदाने देणाऱ्याला यादी लागत नाही, शुक्रवारची मुदत लागत नाही, आणि हिरवी खूण तर मुळीच लागत नाही. ती यादी आनंदाची नोंद ठेवत नाही, ती न देणाऱ्यांची हजेरी घेते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: बालवाडीतल्या आणि खासगी शाळांतल्या कितीतरी शिक्षिका तुटपुंज्या मानधनावर काम करतात, त्यांना वर्षातून एकदा चांगली साडी मिळाली तर बिघडले काय? बिघडले असे की त्या साडीने पालकांची टोचणी जाते आणि मानधन तेवढेच राहते. ज्या वर्गाला चार दिवसांत जवळजवळ पंधरा हजार उभे करता येतात, त्या वर्गाच्या पालकांनी पालक-शिक्षक संघाच्या सभेत उभे राहून, या बाईंना महिन्याला किती देता, हा प्रश्न व्यवस्थापनाला विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

तिसरा आक्षेप दुसऱ्या टोकाचा आहे: मग सरसकट बंदीच घाला. काही शाळा तशी सूचना काढतात. मला ती भित्री वाटते. बंदी घातली की वर्गाची उघड भेट बंद होते आणि गाडीच्या डिकीतून घरी पोचणारी भेट चालू राहते, म्हणजे जे बंद व्हायला हवे तेच तेवढे उरते. शिवाय खेड्यातल्या शाळेत, जिथे नऊ मुले आणि एकच शिक्षिका आहे, तिथे कोणी परसातली भेंडी आणून दिली तर ती परत करणे हा अपमान आहे, आणि तो नियमाच्या नावाखाली केला तरी अपमानच राहतो.

तेव्हा काय द्यावे? काळाचा मुद्दा आधी संपवते. पूर्वी निकाल लागला, सुट्टी पडली, की जूनपर्यंत मध्ये मोकळी जागा असायची. २०२५ साली गोव्यात माध्यमिक वर्गांचे नवे शैक्षणिक वर्ष एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू करण्यात आले, त्यामुळे वर्षाचा शेवट आणि आरंभ आता एकमेकांना खेटून आले आहेत. प्राथमिक शाळेत तर तीच शिक्षिका दोन-दोन, चार-चार वर्षे त्याच मुलांना शिकवते. तिथे दर मार्चला भेट देणे म्हणजे वर्षअखेर नव्हे, हप्ता. म्हणून भेट निकाल हाती आल्यावर आणि ते शिक्षक त्या मुलांना पुढे शिकवणार नाहीत तेव्हाच द्यावी. चार वर्षांतून एकदा दिली तर ती अधिक लक्षात राहील, हे वेगळेच.

पैशांचा हिशेब सोपा आहे. एका मुलामागे फार तर पन्नास रुपये. बत्तीस मुलांचे १,६०० होतात, म्हणजे सरकारी नियमातल्या खालच्या मर्यादेच्याही आत. हे पैसे मोबाइलवरून मागू नयेत, कारण मोबाइलवरून आलेल्या पैशाला नाव चिकटलेले असते. झाकणाला फट पाडलेला एक डबा शेवटच्या पालक सभेच्या दिवशी दाराशी ठेवावा. ज्याला घालायचे तो घालील, जमले तेवढे जमले. कार्डावर मात्र हजेरीपटावरची सगळी बत्तीस नावे असावीत, हजेरीपटाच्याच क्रमाने.

वस्तू निवडताना दोन चुका होतात. एक, शोभेची वस्तू देणे. तिचा मुक्काम आत्याच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात ठरलेला आहे. दुसरी चूक अलीकडची आणि सुशिक्षितांची आहे: ‘बाईंसाठी काही नको, वर्गासाठी काहीतरी देऊ’ म्हणून फळा, पंखा, तक्त्यांचे संच द्यायचे. वर्गाला पंखा लागत असेल तर तो संस्थेने द्यावा. बाईंना भेट म्हणून डस्टर देणे हे आईच्या वाढदिवसाला मिक्सर आणण्यासारखे आहे. भेट त्या माणसाची असावी, आणि शक्यतो संपणारी असावी. आपल्या सुदैवाने वर्ष संपते तो गोव्यात खाण्यापिण्याचा हंगाम असतो: ताज्या काजूबिया, नीरो म्हणजे काजूच्या बोंडांचा गोड रस, कोकमाची सोले, जत्रेतले खाजे. मानकुराद आंब्याच्या बाबतीत तेवढे सांभाळावे, कारण मार्चच्या अखेरीस म्हापशाच्या बाजारात त्याचा डझन हजारांची भाषा बोलत असतो आणि तोच मे महिन्यात माणसात येतो. ज्यांना वाचनाची आवड आहे अशा शिक्षकांना पुस्तकांच्या दुकानाची हजार-पंधराशेची चिठ्ठी द्यावी. निवड त्यांची त्यांना करू द्यावी.

पण मला विचाराल तर सर्वांत मोलाची भेट बिनपैशाची आहे, आणि तिचा विचार जवळजवळ कोणीच करत नाही. शिक्षिकेविषयी पालक लेखी असे काही लिहितात ते फक्त तक्रारीच्या वेळी. मुख्याध्यापकांच्या किंवा भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या फाईलमध्ये पालकांचे जे कागद असतात ते चाळले तर गोव्यातल्या शाळांत वर्षभर फक्त अन्यायच होतो असे वाटावे. वर्गातल्या पालकांनी मिळून एक पत्र शिक्षिकेला नव्हे, तिच्या वरच्यांना लिहावे. त्यात ‘उत्कृष्ट’, ‘समर्पित’ असले शब्द नकोत. ऑगस्टपर्यंत अक्षरे जुळवता न येणारी मुले डिसेंबरात धडा वाचू लागली, पावसात शाळेत पाणी शिरले त्या दिवशी शेवटचे मूल घरी जाईपर्यंत बाई थांबल्या, अशा घडलेल्या गोष्टी लिहाव्यात. कंत्राटावरच्या शिक्षिकेच्या हाती असे पत्र असणे म्हणजे काय, हे त्यांनाच विचारावे. आणि ते पत्र तिला वर्ष संपल्यावर कळले तरी चालते.

अशाच पत्रात शेवटी एक ओळ बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, चालकासाठी आणि मदतनीस बाईंसाठी असावी. आपली मुले बसमध्ये चढवताना आणि उतरवताना वर्षभर त्यांचे हात धरणाऱ्या या माणसांना नियमित आणि पुरेशा पगारासाठी रस्त्यावर उतरावे लागले आहे, आणि कोणत्याही वर्गाच्या यादीत त्यांच्यासाठी कधी हिरवी खूण झालेली मला आठवत नाही. माध्यान्ह आहार पोचवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटांतल्या बायकांचेही तेच.

हे सगळे पालकांच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाही, कारण गटावर पहिला संदेश कोण टाकतो यावर सद्भावनेचा दर ठरतो. शाळेनेच फेब्रुवारीत, यादी फिरू लागण्याच्या आधी, चार ओळींची सूचना काढावी: वैयक्तिक भेट स्वीकारली जाणार नाही, वर्गाची भेट एकच असेल, ती निकालानंतर दिली जाईल आणि तिची किंमत अमुक रकमेवर जाणार नाही, वर्गणी नावानिशी गोळा करू नये. सूचनेखाली मुख्याध्यापकांची सही असली की नाही म्हणण्याचे अवघडलेपण शिक्षकावर येत नाही आणि पाच मोकळे आकडेही कोणाला मोजावे लागत नाहीत. एखादी मुलगी सकाळी परसातली अबोली काढून तिची फाती, म्हणजे गजरा, करून आणते आणि बाईंच्या टेबलावर ठेवून काही न बोलता जागेवर जाऊन बसते. त्या फातीला मात्र या सूचनेत आणू नये.